अकरा किलो

माणूस उभा राहील असा काटा हवाय, सोमवारपासून, तीन आठवडे तरी लागेल, असं लिहिलेली वही तिनं माझ्या नाकासमोर धरली तेव्हा मी एका वाण्याच्या तराजूची दांडी घासत बसलो होतो, आणि माझा हात घसरला. दांडीवर चांगला नखाएवढा चरा. गेली कामातून. तीन आठवडे रोज माणसाचं वजन कोण करतं? मी वर पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीसची बाई, अंगानं काडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि नजर माझ्या ओठांवर. ओठांकडे असं टक लावून बघणारी माणसं मला चांगली ठाऊक आहेत. पंधरा वर्षांपूर्वी अशी चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसायची, माझ्या थोरल्या बहिणीच्या शाळेत. लोक मुक्या-बहिऱ्यांची शाळा म्हणायचे, आणि ताई दर वेळी भांडायची, मुकं कुणी नाहीये इथं, ऐकू येत नाही एवढंच. या बाईनं हसून स्वतःच्या गालात बोट खुपसलं आणि मला ओळख पटली. खळी! ताईनं प्रत्येक पोराला हाताचं एक नाव दिलं होतं, आणि गालात बोट म्हणजे ही. तेव्हा बारा वर्षांची होती, दोन वेण्या, आणि एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"मामा," ती म्हणाली. आवाज जाड, मधेच वर चढणारा, पण शब्द कळतो. ताईची सगळी पोरं मला मामाच म्हणायची, काटेवाले मामा. "कशाला हवाय काटा?" मी विचारलं, मुद्दाम ओठ फाकवून. उत्तर माहीत होतं. पण माणूस विचारतो, न जाणो दुसरंच काही निघायचं. तिनं उभ्यानंच लिहिलं, 'उपोषण. शाळा परत सुरू करा म्हणून. मी बसणार आहे. काटा खरा हवा.' खरा या शब्दाखाली तिनं दोनदा रेघ मारली. मला घाम फुटला. भर अकरा वाजता, पंखा चालू असताना, साठी ओलांडलेल्या माणसाला एका शब्दाखालच्या रेघेनं घाम फुटावा, म्हणजे कमालच आहे.

माझा धंदा खरेपणाचा आहे, असं मी एके काळी छातीठोकपणे सांगायचो. सरकारमान्य वजनकाटे दुरुस्तीवाला. काटा उघडायचा, साफ करायचा, प्रमाणित वजनं ठेवून तपासायचा, मग मागच्या स्क्रूवरून तार ओवून तिच्यावर शिशाचं सील दाबायचं. त्या सीलवर माझा नंबर असतो. सील शाबूत म्हणजे काटा खरा, मग वाणी असो, दवाखाना असो, कुणी वाद घालायचा नाही. ताईच्या शाळेची जागा विकायची ठरली आणि शाळा बंद करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ती शाळेच्या फाटकाबाहेर मांडव घालून उपोषणाला बसली, आणि मांडवात काटा ठेवला तो माझा. दुसरा कुणाचा ठेवणार? रोज सकाळी नऊला ताई काट्यावर उभी राहायची, मी आकडा वाचायचो, एक मास्तर तो फळ्यावर लिहायचा. पहिल्या दिवशी एकोणपन्नास किलो. खाली पोरं मांडी घालून बसलेली, समोर दोन-चार पत्रकार, आणि सरकारी कचेरीतला आरोग्य अधिकारी, तोंडावर रुमाल धरून. तो फळ्यावरचा आकडा त्याच्या डायरीत उतरवायचा आणि निघून जायचा. ताईशी एक शब्द नाही. सहाव्या दिवशी मी त्याला फाटकापाशी गाठलं. म्हटलं, साहेब, बहीण आहे माझी, काहीतरी करा. तो म्हणाला, "अहो, तीन किलो उतरलंय फक्त. एवढं तर बायका हौसेनं उतरवतात." आणि हसला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, मी कुणाला मारणारा माणूस नाही. मी त्या संध्याकाळी सील तोडलं.

स्क्रू रोज थोडा फिरवायचा, एवढंच. आज पाव किलो, उद्या अर्धा. जुन्या घडणीचा काटा तो, स्क्रू फिरला की टक् असा आवाज यायचा, चांगला ऐकू येण्याजोगा. म्हणून ताई काट्यावर चढायच्या आधी मी काटा पुसायचं निमित्त करून वाकायचो, मागं हात घालायचो आणि मोठ्यानं खोकायचो. पत्रकाराला आवाज जायला नको, अधिकाऱ्याला जायला नको. मास्तर तर म्हणाला, मामा, तुमचा खोकला वाढलाय, औषध घ्या. सोळाव्या दिवशी फळ्यावर अडतीस लागलं. अकरा किलो उतरले, अशी बातमी सगळीकडे झाली. प्रत्यक्षात ताई बेचाळीसवर होती, सात किलो उतरले होते. चार किलो माझे. दुपारी कचेरीतून गाडी आली, मोठे साहेब उतरले, लेखी दिलं, शाळा हलणार नाही. ताईनं मोसंबीचा रस प्यायला तेव्हा पोरांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांची टाळी तशी असते, बिनआवाजाची. मीही हलवले. मला वाटलं, जिंकलो आपण! खरं सांगतो, मला वाटलं की मीच जिंकलो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मेली असती का त्या दिवशी?" म्हटलं, नाही. "मग त्यांना वाटेल, एवढं उतरूनही माणूस मरत नाही." मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच असतं.

तिचं म्हणणं काहीतरीच नव्हतं. त्या कचेरीतले काटेही वर्षाला एकदा माझ्याकडंच तपासायला असतात. पुढच्या वर्षी मी आरोग्य अधिकाऱ्याच्या मागच्या खोलीत गेलो तर भिंतीवर एक नवा कागद, चांगला प्लास्टिकमध्ये घालून लावलेला. उपोषणाला बसलेल्या व्यक्तींबाबत सूचना. वजनातील घट अकरा किलोपर्यंत, निरीक्षण. अकरा किलोनंतर, वरिष्ठांस कळवणे. अधिकारी मोठ्या कौतुकानं म्हणाला, "तुमच्या भगिनींचीच कृपा. आधी आमच्याकडे काही मापच नव्हतं हो, उगाच घाबरून निर्णय व्हायचे." मी काट्यापुढे गुडघ्यावर बसलो होतो. सील दाबलं, सही केली आणि बाहेर पडलो. लोक भाषणं ठोकतात, उपोषणानं कायमचं काय बदलतं म्हणून. हे बदललं. ताईच्या सोळा दिवसांतून त्या कचेरीत कायमचा टिकला तो एवढा एक कागद, आणि त्यातले चार किलो माझ्या खोकल्याचे. त्यानंतर तिथं एक निवृत्त कंडक्टर बसला, बाराव्या दिवशी आपणहून उठला. गिरणीतला एक फिटर बसला, त्याची मूत्रपिंडं गेली, नऊ किलोवर. कागदाप्रमाणे सगळं ठीक होतं. मी दर वर्षी त्या भिंतीखाली बसून सील दाबत राहिलो. एकदाही म्हटलं नाही की साहेब, हा आकडा खोटा आहे. म्हणायचं म्हणजे परवाना गेला, दुकान गेलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात, बाईंचं उपोषण बनावट. शाळा त्याच संध्याकाळी बंद. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की मला ती झोपेतही येतात, आणि त्यातलं शाळेचं कारण मी नेहमी पहिलं घेतो.

नऊ वर्षांनी लेखी दिलेलं फिरवलं त्यांनी. साहेब बदलले, पक्ष बदलला, जागेचा भाव चौपट झाला. ताई पुन्हा बसली, आता एकोणसाठीची. या वेळी काटा कचेरीनं आणला, स्वतःचा, माझ्याच सीलचा, अगदी खरा. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस. रोज तोच अधिकारी, आता चष्मा लागलेला, आकडा उतरवायचा आणि वजाबाकी करायचा. वीस दिवस झाले, आठ किलो. ताईच्या तोंडाला वास यायला लागला होता, जिभेवर पांढरा थर, उठताना भिंत धरायची. मी अधिकाऱ्याकडे गेलो, तो म्हणाला, "मागच्या खेपेला अकरा उतरूनही ठणठणीत होत्या. अजून तीन किलो आहेत." बायको घरी म्हणाली, "आत्ता जा. सांगून या. गेलं लायसन तर गेलं, मी शिवणकाम करीन." मी म्हटलं, उद्या जातो. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी मांडवात आम्ही दोघंच होतो. ताईनं मला जवळ बोलावलं. "छोट्या," ती म्हणाली, साठीला टेकलेल्या बाईनं मला या वयात छोट्या म्हणावं, "मागच्या वेळी अकरा उतरले होते ना रे?" तिचा हात माझ्या मनगटावर होता. हात गरम असायला हवा होता, तो गार होता. तेवढ्या वेळात मला सगळं सुचलं, काय बोलायचं, कुठल्या शब्दानं सुरुवात करायची, सगळं. मी म्हटलं, "हो, ताई. अकरा." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि कूस बदलली. पंचविसाव्या दिवशी पहाटे गेली. उतरले होते साडेनऊ. कागदाप्रमाणे अजून दीड किलो बाकी होता.

मग काय, सगळं रीतसर झालं. हुकूम स्थगित, शोकसभा, चौकाला ताईचं नाव, पाटीवर फुलं. साहेब माझ्या गळ्यात पडून रडले, खरे अश्रू होते. अकरा महिन्यांनी स्थगिती उठली, शाळा बंद, पोरं वाऱ्यावर, आणि त्या जागेवर आता मोटारी लावायचा चार मजली तळ आहे. चौकाच्या पाटीवर बाण काढलाय, पार्किंग इकडे. मी त्या रस्त्यानं जात नाही. बायको माझ्याशी बोलते, पण कामापुरतं, जेवायला या, गॅस संपलाय, एवढंच. सहा वर्षं झाली. मलाही सवय झाली आहे.

आणि आता ही माझ्यापुढं उभी, काटा मागायला. मी एक काटा पुढं ओढला आणि तिला वर चढायची खूण केली. चपला काढून चढली. त्रेचाळीस. माझ्या डोक्यात आपोआप वजाबाकी झाली, बत्तीस. बत्तीसवर पोचेपर्यंत कुणी वरिष्ठांना कळवणार नाही, आणि ही पस्तिसावरच संपेल. मी नाही नाही अशी जोरात मान हलवली. वही ओढून घेतली आणि लिहिलं, कारण माझ्या ओठांवर माझा भरवसा उरला नव्हता. 'बसू नकोस. ताईला काय मिळालं? काही नाही. शाळा गेली. ती गेली. उपाशी मरून कुणाचं काही बदलत नाही. घरी जा.' तिनं ते वाचलं. अक्षरावर बोट ठेवून, हळूहळू, ताईनं शिकवलं तसं. मग माझ्याच ओळीखाली लिहिलं, 'नऊ वर्षं मिळाली.' आणि माझ्याकडे पाहून पुन्हा, 'मी लिहायला त्यात शिकले. औषधाच्या कारखान्यात लेबलं तपासते. आमच्यातली एकतीस जणं कामाला आहेत. हे काही नाही?' मला राग आला. वाटलं, नऊ वर्षं माझी आहेत ती, माझ्या स्क्रूनं दिलेली, तू कोण मला शिकवणारी! म्हणजे मला अजून ते आपलंच वाटत होतं. स्वतःची शिसारी आली.

"नको," मी म्हटलं. "तुला माहीत नाही, तेव्हा काय झालं होतं."

तिनं वही खाली ठेवली, काट्याशी वाकली, डाव्या हातानं तो पुसल्यासारखं केलं, उजवा हात मागं घातला, बोटं फिरवली, आणि तोंडावर मूठ धरून खोकली. खोकल्याचा आवाज काढला नाही, नुसते खांदे हलवले. हुबेहूब मी.

मी स्टुलावर बसलो. चाळीस पोरं. चाळीस पोरं पहिल्या रांगेत मांडी घालून, माझ्या हाताकडे बघत, कारण त्यांना जगात बघायला हातच होते. आणि मी शहाणा त्यांच्यापुढं आवाज लपवत होतो. दहा दिवस खोकलो! मूर्खपणाला काही सीमा? जे ऐकू शकत होते त्यांच्यापासून लपवलं, आणि जे नुसतं बघून जगतात त्यांच्या डोळ्यांदेखत केलं. माझे कान तापले. मी विचारलं, "सगळ्यांनी पाहिलं?" तिनं मान डोलावली. सगळ्यांनी. "मग कुणाला सांगितलं?"

तिनं लिहिलं, 'बाईंना. रस प्यायल्या त्याच संध्याकाळी.'

मी ती ओळ दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. ती पुढं लिहीत होती, मान खाली घालून, भराभर, आणि मला तिचा हात धरून थांबवावंसं वाटलं. 'बाई रडल्या. म्हणाल्या, कुणाला बोलायचं नाही, त्याचं पोट त्या सीलवर आहे. दुसऱ्या वेळी कचेरीवाले अकरा किलो धरून बसले तेव्हा आम्ही मोठे होतो. म्हटलं, आम्ही जाऊन सांगतो. बाईंनी नको म्हटलं. म्हणाल्या, तो माझा भाऊ आहे, तो स्वतः सांगेल. मी त्याला विचारीन.'

विचारलं तिनं. माझ्या मनगटावर हात ठेवून विचारलं होतं. तिला आकडा नको होता, आकडा तिला माझ्याआधी ठाऊक होता. ती मला दार उघडून उभी होती, आणि मी तिच्या तोंडावर सांगितलं, हो ताई, अकरा. आणि ती बरं म्हणाली. माझं दुकान चालू राहावं म्हणून माझी बहीण दोन दिवस आणखी उपाशी राहिली आणि मेली, आणि मी तेराव्या दिवशी दुकान उघडलं होतं. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

खळीनं वही माझ्याकडे वळवली. खाली एकच ओळ होती. 'तुम्ही सांगितलंत ना?'

ती माझ्या ओठांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर संशय असता तर बरं झालं असतं. संशय नव्हता. बाईंनी सांगितलं होतं, तो सांगेल, आणि बाई कधी खोटं बोलल्या नव्हत्या. तिला फक्त कधी सांगितलं ते हवं होतं, शाळेची एक जुनी गोष्ट पुरी करायला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. ही कचेरी माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर आहे, तो कागद अजून भिंतीवर आहे, मागच्याच महिन्यात मी त्याच्याखाली बसलो होतो. हिला नाही म्हटलं तर हिच्यादेखत उठून जावं लागेल.

"हो," मी म्हटलं. "सांगितलं."

तिनं डोळे मिटले, उघडले. 'तरी ते आले नाहीत?'

"शेवटच्या दिवशी सांगितलं. उशीर झाला होता."

ती माझ्याकडे इतक्या मायेनं बघायला लागली की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, सांत्वनाला, माझ्या! मग लिहिलं, 'म्हणजे आता ते अकरा धरणार नाहीत. तो नियम बदलला.' तिनं प्रश्नचिन्हसुद्धा घातलं नव्हतं.

"बदलला," मी म्हटलं.

'मग मला भीती नाही. ते वेळेवर येतील.' तिनं वही मिटून पिशवीत टाकली.

मी काटा तपासला. पाच किलो ठेवले, पाच. वीस ठेवले, वीस. चाळीस, चाळीस. ग्रॅमचा फरक नव्हता. तार ओवली, सील दाबलं, तिला नंबर दाखवला. ती हसली, काटा कडेवर घेतला, मी धरू लागलो तर नको म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली. मी दोन मिनिटं तसाच बसलो. मग दारात आलो आणि मागून हाक मारली. चांगली मोठ्यानं मारली, दोनदा. शेजारचा घड्याळवाला डोळ्याला भिंग लावूनच बाहेर आला, म्हणाला, काय हो, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पावती विसरली ती. तो म्हणाला, अहो, मग जा ना, उभीये की समोर. रस्ता ओलांडायला ती कोपऱ्यावर थांबली होती, पाठमोरी, काटा कडेवर, गाड्या जाण्याची वाट बघत. तीस पावलं असतील. मी म्हटलं, राहू दे, येईल परत, आणि आत येऊन वाण्याची दांडी हातात घेतली.